नवोदयला नंबर कुणाचा लागतो?

नवोदयची निवड यादी लागली की जळगाव-धुळ्यापासून शहाद्यापर्यंत चौकाचौकात फ्लेक्स झळकतात. ओळीने पासपोर्ट साइज फोटो, प्रत्येक फोटोखाली मुलाचं नाव आणि गाव, आणि या सगळ्यांच्या वर क्लासचं नाव, मुलांच्या नावांपेक्षा चौपट मोठ्या अक्षरात. वाचणाऱ्यांत लगेच दोन तट पडतात. एक म्हणतो, पोरं हुशार आहेत, मेहनत केली, लागली. दुसरा म्हणतो, सगळा क्लासवाल्यांचा आणि पैशाचा खेळ. या भांडणात आणखी एक आवाज असतो, पण तो टपरीच्या कडेला उभ्या असलेल्या माणसाचा असल्यामुळे कुणी फारसा ऐकत नाही : "आमना पोऱ्या बी हुशार शे, पन फॉर्मच भरा नही."

मला या वादात त्या कडेच्या माणसाचं म्हणणं सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. का, ते कळायला नवोदयची निवड चालते कशी हे आधी नीट बघावं लागेल.

नवोदय म्हणजे काय, आणि निवड होते कशी

१९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातून ही योजना आली. कल्पना सरळ होती : खेड्यातल्या हुशार मुलाला बापाच्या खिशाकडे न बघता चांगल्या निवासी शाळेत शिकायला मिळावं. सुरुवातीच्या दोन शाळांपैकी एक हरियाणात झज्जरला निघाली आणि दुसरी आपल्या अमरावतीत. आज देशात साडेसहाशेच्या वर जवाहर नवोदय विद्यालयं आहेत, साधारण जिल्ह्याला एक या हिशेबाने. तामिळनाडूने मात्र योजना घेतलीच नाही. जळगाव जिल्ह्याचं विद्यालय भुसावळजवळ साकेगावला आहे.

सहावी ते बारावी, सीबीएसई बोर्ड, राहणं-जेवण-गणवेश-पुस्तकं मोफत. नववीपासून काही मुलांकडून महिन्याला ६०० रुपये विकास निधी घेतात. त्यातूनही सगळ्या मुली, अनुसूचित जाती-जमातींची मुलं आणि दारिद्र्यरेषेखालची कुटुंबं वगळलेली. एवढं सगळं मिळतं म्हटल्यावर झुंबड उडणारच. जागा किती? सहावीच्या प्रवेशाला एका विद्यालयात जास्तीत जास्त ८०. जळगाव जिल्ह्याची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेतच ४२ लाखांच्या वर होती.

परीक्षा पाचवीत असताना होते. दोन तास, ८० प्रश्न, १०० गुण. त्यात ४० प्रश्न मानसिक क्षमतेचे, म्हणजे आकृत्यांचे; २० अंकगणिताचे आणि २० भाषेचे. चार पर्यायांतून एक निवडायचा आणि ओएमआर शीटवर गोळा रंगवायचा. चुकलं तर गुण कापत नाहीत. आणि एका मुलाला ही परीक्षा एकदाच देता येते. त्या दिवशी ताप आला तर पुढच्या वर्षी बघू असं इथे नाही.

जागांची वाटणीही ठरलेली आहे. किमान ७५ टक्के जागा ग्रामीण मुलांना. किमान एक तृतीयांश मुलींना. अनुसूचित जाती-जमातींना जिल्ह्यातल्या लोकसंख्येच्या प्रमाणात, पण दोन्ही मिळून ५० टक्क्यांपर्यंत. नंदुरबारसारख्या जिल्ह्यात, जिथे २०११ ला एकट्या आदिवासींचं प्रमाण ६९ टक्के होतं, तिथे ही वरची मर्यादा कुणाला टोचते हे सांगायला नको. इतर मागासवर्गालाही आता २७ टक्के आहेत.

"पेपर सगळ्यांना एकच, मग अन्याय कसला?"

हा प्रश्न सगळ्यात आधी येतो आणि वरवर बिनतोड वाटतो. पेपर एक, वेळ एक, तपासणारं मशीन. वशिला कुठे लागणार?

पण परीक्षा स्वच्छ असणं आणि निवड न्याय्य असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. चोपड्याकडे ठिबकवर उन्हाळ्यातच लावलेला बागायती कापूस घ्या, आणि शिंदखेड्याकडचा पावसाच्या भरवशावरचा कोरडवाहू घ्या. वाण एक, पाकीट एकाच दुकानातलं. दिवाळीनंतर एकाचा उतारा दुसऱ्याच्या दुप्पट आला तर खानदेशातला कुठलाही शेतकरी बियाण्याला शिव्या देणार नाही. आधी विचारेल, पाणी किती दिलं? काटा दोघांचा माल बरोबरच मोजतो. काट्यात खोट नाही. पण काट्यावरच्या आकड्यावरून बियाण्याची लायकी ठरवली तर ती चूक आपली. नवोदयचे गुणही असेच मुलाची कुवत आणि मुलाला मिळालेलं पाणी एकत्रच मोजतात, आणि आपण मात्र निकालाच्या दिवशी "कोण हुशार" असं वाचतो.

हे पाणी नेमकं कुठे मुरतं ते एका प्रश्नावर बघू. मानसिक क्षमतेत घडीच्या कागदाचे प्रश्न असतात. चौकोनी कागद एकदा आडवा, एकदा उभा दुमडला. घडीवर एक भोक पाडलं. उलगडल्यावर भोकं कुठे कुठे दिसतील? ज्या मुलाने घरी-शाळेत खरोखर कागद दुमडून पंचिंग मशिनने पन्नास वेळा हे केलंय, ते दहा सेकंदांत चार भोकांची आकृती शोधतं. ज्याने असा प्रश्न जन्मात पहिल्यांदा बघितला, त्याला आधी प्रश्न काय विचारतोय हेच उमगायला हवं. तेवढ्यात दोन मिनिटं जातात. या भागात ४० प्रश्नांना ६० मिनिटं आहेत, म्हणजे प्रश्नामागे दीड मिनिट. आता हे दुसरं मूल कमी हुशार आहे का? कदाचित जास्तही असेल. त्याने तर काहीच माहीत नसताना दोन मिनिटांत सोडवलं! पण ओएमआर शीटवर दोघांचा गोळा सारखाच, आणि पहिल्याच्या हातात वेळ शिल्लक.

आकृत्यांच्या या प्रश्नांचे प्रकार ठरलेले असतात : वेगळी आकृती ओळखा, मालिका पूर्ण करा, आरशातली प्रतिमा, लपलेली आकृती वगैरे. ठरलेले असल्यामुळेच ते शिकवता येतात. आकृत्यांना भाषा लागत नाही म्हणून ही चाचणी गरीब-श्रीमंत सगळ्यांना सारखी, असा एक समज आहे. भाषा लागत नाही हे खरं, सराव मात्र लागतो. अशा चाचण्या दुसऱ्यांदा दिल्या तर तेच मूल आधीपेक्षा जास्त गुण मिळवतं, हे मानसशास्त्रातलं जुनं, सर्वमान्य निरीक्षण आहे.

त्याहून साधी गोष्ट. चुकीला गुण कापत नाहीत म्हटल्यावर एकही गोळा रिकामा सोडायचा नाही, हे क्लासमध्ये पहिल्या आठवड्यात घोकून घेतात. ज्या मुलाला हे कुणी सांगितलं नाही ते प्रामाणिकपणे, येत नाहीत ते बारा प्रश्न कोरे सोडून येतं. चारांतला एक या हिशेबाने बारांपैकी सरासरी तीन नुसत्या अंदाजाने बरोबर आले असते. एका प्रश्नाला १.२५ गुण, म्हणजे पावणेचार गुण गेले. अंगातल्या हुशारीशी याचा काडीचा संबंध नाही. आणि जिथे कटऑफच्या आसपास एकेका प्रश्नावर मुलं आत-बाहेर होतात, तिथे पावणेचार गुण म्हणजे साकेगाव की गावातलंच हायस्कूल, एवढा फरक.

वयाची गोष्ट कुणी काढत नाही

२०२६ च्या प्रवेशासाठी १ मे २०१४ ते ३१ जुलै २०१६ या काळात जन्मलेली मुलं पात्र होती. सव्वादोन वर्षांचं अंतर. मोठ्या माणसांत एवढा फरक काहीच नाही, पण साडेनऊ वर्षांचं पोर आणि पावणेबाराचं पोर यांना शेजारी उभं करून बघा. वाचनाचा वेग, एका जागी दोन तास बसण्याची ताकद, घाई न करण्याचं भान, सगळ्यातच फरक पडतो. मानसशास्त्रातल्या बुद्ध्यांकाच्या चाचण्यांत मुलाची तुलना त्याच्याच वयाच्या मुलांशी करतात, ती याचसाठी. नवोदयच्या यादीत सगळे एकाच फूटपट्टीने मोजले जातात.

हुशार पालकांना हे कळत नाही असं समजू नका. पोराला शाळेत जरा उशिरा घातलं, म्हणजे पाचवीत ते थोराड असतं. हा हिशेब गावोगावी ऐकायला मिळतो. ज्याला हिशेबच माहीत नाही त्याचं पोर सहाव्या वर्षी पहिलीत आणि दहाव्या वर्षी परीक्षेला.

ग्रामीण म्हणजे नक्की कोण?

७५ टक्के ग्रामीण म्हटलं की डोळ्यांसमोर येते कौलारू झेडपीची शाळा. नियम वेगळं बघतो. तिसरी, चौथी, पाचवी ही तिन्ही वर्षं पूर्णपणे ग्रामीण भागातल्या मान्यताप्राप्त शाळेत काढलेली असली की मूल ग्रामीण. त्यात एक दिवस जरी शहरी शाळेत पटावर असलं तरी ते शहरी. म्हणजे मोजली जाते ती शाळेची जागा. घरची परिस्थिती या व्याख्येत कुठेच नाही.

आता बघा काय होतं. शहराची हद्द संपली की हायवेच्या कडेला एखाद्या ग्रामपंचायतीच्या शिवारात चकचकीत इंग्रजी शाळा उभी असते. पिवळ्या बसमधून शहरातल्या कॉलन्यांची मुलं तिथे जातात. ती शाळा कागदावर ग्रामीण. आणि अमळनेर किंवा पाचोऱ्याला नगरपालिकेच्या शाळेत शिकणारी, धुणीभांडी करणाऱ्या बाईची मुलगी? ती शहरी. तिने उरलेल्या खुल्या जागांसाठी लढायचं, जिथे ग्रामीण आणि शहरी दोन्ही असतात.

मुलाचं नाव आजोळच्या झेडपी शाळेत आणि मूल स्वतः तालुक्याच्या गावी क्लासच्या खोलीवर, अशा तक्रारीही दरवर्षी कानावर येतात. ती सरळ फसवणूक आहे आणि सापडलं तर प्रवेश जातो. पण खरं सांगायचं तर मला त्या चोरीपेक्षा वरची उघड, नियमात बसणारी गोष्ट जास्त खटकते. चोरी पकडता तरी येते.

परीक्षेच्या आधीची परीक्षा

आता त्या टपरीच्या कडेच्या माणसाकडे येऊ. अर्ज ऑनलाइन, पावसाळ्याच्या दिवसांत. लागतं काय? मुलाचा फोटो, मुलाची सही, पालकाची सही, आधार किंवा रहिवासाचा कागद, आणि शाळेचा दाखला, त्यावर मुख्याध्यापकांची सही-शिक्का. हे सगळं स्कॅन करून, प्रत्येक फाईल १०० केबीच्या आत बसवून अपलोड करायचं. शहरात हे वीस मिनिटांचं काम. धडगाव तालुक्यातल्या एखाद्या पाड्यावर जुलै-ऑगस्टचं चित्र डोळ्यांसमोर आणा : लावणी-निंदणीचे दिवस, नेटवर्क टेकडीवर गेलं तरच, शाळा एक किंवा दोन शिक्षकी, बाप अंगठा लावणारा, त्याची सही कशी घ्यायची हे दोनदा विचारावं लागतं, आणि फाईल मोठी होतेय म्हणून ऑनलाइनवाला परत पाठवतो. एक खेप म्हणजे एका दिवसाची मजुरी. ज्याला नवोदय काय आहे हे धड माहीत नाही त्याने दुसरी खेप का मारावी?

बरं, फॉर्म भरला. परीक्षा कधी? २०२६ च्या प्रवेशासाठी आपल्याकडे ती १३ डिसेंबर २०२५ ला झाली, त्याआधीची १८ जानेवारी २०२५ ला. आणि ऊसतोडीचा हंगाम कधी? दिवाळी झाली की. नंदुरबार-धुळ्याकडची कितीतरी कुटुंबं मुकादमाची उचल घेऊन दक्षिण गुजरातच्या साखर कारखान्यांकडे निघतात, चाळीसगाव भागातूनही कोयते (ऊस तोडणाऱ्या जोड्या) जातात. डिसेंबरात ते पोर बारडोलीकडच्या फडात धाकट्या बहिणीला सांभाळत असतं, आणि तालुक्याच्या केंद्रावर त्याच्या नंबरचा बाक रिकामा. निकालात ते नापास दिसत नाही, कारण निकालात ते नसतंच. निवड न झालेल्यांच्या याद्या कुठे लागत नाहीत, न बसलेल्यांच्या तर नाहीतच.

अशा मुलांसाठी हंगामी वसतिगृहं आहेत, आईबाप गेले तरी मूल गावातच राहून शाळा करू शकतं. जिथे ती वेळेवर सुरू होतात तिथे फरक पडतो. वेळेवर म्हणजे उचल घेतली जायच्या आधी, टेम्पो भरल्यावर नव्हे.

भाषेचंही असंच. भाषेच्या भागात उतारे असतात आणि त्यांवर प्रश्न. घरी पावरी, भिली किंवा मावची बोलणाऱ्या मुलासाठी प्रमाण मराठी ही शाळेतच भेटलेली भाषा. अहिराणी बोलणारी पोरंही पहिलीत थोडी अडखळतातच, पण त्यांना मराठी निदान बाजारात, टीव्हीवर रोज भेटते. नवोदयचा पेपर गारो, खासी, मिझो अशा भाषांतही निघतो, तेव्हा लहान भाषांत पेपर काढणं अशक्य आहे असं कुणी म्हणू नये. मराठी त्या यादीत आहे; पावरी, भिली, मावची नाहीत.

"मग क्लास लावणं गुन्हा आहे का?"

मुळीच नाही. कापूस व्यापाऱ्याला घालून आलेल्या पैशातून पोराला क्लास लावणाऱ्या बापाला दोष देण्यात काय अर्थ? त्याला कळलंय की पाणी द्यावं लागतं, तो देतो. क्लासमधले बरेच शिक्षक जीव तोडून शिकवतात, आणि तिथे जाणारी सगळी मुलं काही बंगल्यातली नसतात.

पण या व्यवस्थेचा उफराटेपणा बघण्यासारखा आहे. मोफत निवासी शाळेत जाण्यासाठी आधी दोन वर्षं पैसे भरून निवासी क्लास. नऊ वर्षांचं पोर खोलीवर, मेसचा डबा, सकाळी पाचला उठून सराव पेपर. ज्याच्याकडे हे परवडण्याइतका पैसा आहे त्याला फुकट शिक्षणाची सगळ्यात जास्त संधी, आणि योजना तर काढली होती ज्याच्याकडे पैसा नाही त्याच्यासाठी. यात क्लासवाल्याचं किंवा पालकाचं नाही, चुकतं ते शाळेचं. जो सराव विकत मिळतो तो झेडपीच्या चौथी-पाचवीच्या वर्गात, आठवड्याच्या दोन तासिकांत, सगळ्यांना का मिळू नये? अनेक गुरुजी स्वतःहून हे करतात, जुन्या प्रश्नपत्रिकांच्या झेरॉक्स स्वतःच्या पैशाने काढतात. अशा शाळांतून एकाच वर्षी दोन-तीन मुलं लागली की अख्ख्या तालुक्यात नाव होतं. पण ती त्या गुरुजींची पुण्याई झाली; बदली झाली की संपली.

"परीक्षाच नको, गुरुजींनाच विचारा, कोण हुशार"

ऐकायला गोड. वर्षभर मुलाला बघणाऱ्या शिक्षकाला दोन तासांच्या पेपरपेक्षा जास्त कळतं, हेही खरं. तरीही मी याच्या विरोधात आहे, आणि त्याला गावकीचं राजकारण हे एवढंच कारण नाही. आपल्या सगळ्यांच्या डोक्यात हुशार मुलाचं एक चित्र असतं : नीटनेटकं, पटकन हात वर करणारं, शुद्ध बोलणारं. मागच्या बाकावर गप्प बसणारी, आठवड्यातून दोन दिवस गुरांमागे जाणारी, पण बाजाराचा हिशेब तोंडी करणारी पोरगी या चित्रात बसत नाही.

याचा पुरावा लांबचा आहे, पण चोख आहे. अमेरिकेत फ्लोरिडा राज्यात ब्रॉवर्ड काउंटी नावाचा मोठा शालेय जिल्हा आहे. तिथे हुशार मुलांच्या खास वर्गांसाठी आधी शिक्षक किंवा पालक नाव सुचवत, मग त्या मुलाची बुद्ध्यांकाची चाचणी होई. या वर्गांत गरीब, कृष्णवर्णीय आणि स्पॅनिशभाषक मुलं फारच थोडी दिसत. या शतकाच्या पहिल्या दशकात त्यांनी पद्धत बदलली : कुणी नाव सुचवायची वाट न बघता दुसरीतल्या प्रत्येक मुलाची आकृत्यांची एक छोटी चाचणी शाळेतच घ्यायची. याला आपण सार्वत्रिक चाळणी म्हणू. म्हणजे अर्ज नाही, सगळेच बसणार. डेव्हिड कार्ड आणि लॉरा जुलियानो या अर्थशास्त्रज्ञांनी त्याचा अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध केला (कार्ड यांना पुढे २०२१ मध्ये नोबेल मिळालं, वेगळ्या कामासाठी). गरीब मुलांतून निवड होण्याचं प्रमाण दुपटीहून जास्त झालं. निवडीचा कटऑफ तोच होता, एका गुणानेही खाली आणलेला नव्हता. मुलं आधीपासून तिथेच होती. त्यांची नावंच कुणी दिली नव्हती. पुढे पैशाची टंचाई आली, चाळणी गुंडाळली, आणि आकडे परत होते तिथे गेले.

म्हणून परीक्षेला शत्रू समजणं मला पटत नाही. गरीब मुलाच्या बाजूने साक्ष देणारी कधीकधी तीच एक असते. अडचण परीक्षेच्या दाराशी आहे, दार कुणाला सापडतं तिथे. "सगळे खुशाल अर्ज करा" आणि "सगळेच बसणार आहेत" यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

"असं केलं तर दर्जा घसरेल"

हा आक्षेप बहुतेक वेळा आरक्षणाकडे बोट दाखवून घेतला जातो. वरचं उदाहरण त्याचं उत्तर आहे : जास्त मुलं बसली म्हणजे जास्तीतून निवड झाली, त्याने दर्जा वाढेल की घसरेल? क्रिकेटची टीम चार गल्ल्यांतून निवडण्यापेक्षा अख्ख्या गावातून निवडली तर खराब होते, असं कुणी म्हणत नाही.

त्याच ब्रॉवर्डमध्ये आणखी एक गोष्ट दिसली. कायद्याप्रमाणे हुशार ठरलेली मुलं कमी असल्यामुळे खास वर्गात रिकाम्या राहिलेल्या जागा त्या त्या शाळेतल्याच वार्षिक परीक्षेत वर असलेल्या मुलांनी भरल्या जात. बुद्ध्यांकाच्या रेषेत न बसलेली ही मुलं, आणि त्यांतही कृष्णवर्णीय व स्पॅनिशभाषक मुलं, त्या वर्गांत चांगली पुढे गेली. आपल्या शाळेतल्या बरोबरीच्यांत जो पुढे आहे, त्याला वरचा वर्ग दिला तर तो झेपतो, असा याचा अर्थ.

"त्यापेक्षा सोडत काढा, नशिबावर सोडा"

शिक्षण हक्क कायद्याच्या (आरटीई) २५ टक्के जागांसाठी सोडत निघतेच, तेव्हा कल्पना नवी नाही. सगळ्याच जागा सोडतीने भरल्या तर हुशार मुलांसाठीची शाळा या म्हणण्यालाच अर्थ उरणार नाही. पण एक मधला मार्ग जाणकार सुचवतात आणि तो विचार करण्यासारखा आहे. तेच मूल तोच पेपर आठ दिवसांनी देईल तर दोन-चार प्रश्न इकडेतिकडे होतीलच. कुठल्याच परीक्षेला यातून सुटका नाही. मग कटऑफच्या एका प्रश्नाने वर असलेलं मूल आणि एका प्रश्नाने खाली असलेलं मूल यांत खरा फरक आहे असं छातीठोकपणे कोण सांगेल? स्पष्टपणे वर असलेल्यांना थेट घ्या, आणि कटऑफच्या आजूबाजूच्या पट्ट्यात सोडत काढा, असं ते म्हणणं. हिशेबाने बरोबर आहे. पण "एका प्रश्नाने हुकला" हे जो बाप गिळतो, तो "चिठ्ठी निघाली नाही" हे गिळेल का, याबद्दल मला शंका आहे. आपल्याकडे सोडतीवर विश्वास कमीच.

जागाच ८०, मग डोकेफोड कशाला?

कशीही वाटणी केली तरी ८०च मुलं आत जाणार आणि हजारो बाहेर राहणार, हे निर्विवाद. म्हणूनच या एका दारावर सगळा जीव टांगू नये. आठवीत राष्ट्रीय आर्थिक दुर्बल घटक शिष्यवृत्तीची परीक्षा असते, घरचं उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत असेल तर. मिळाली की नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये. राज्याची स्कॉलरशिप आहे. आदिवासी मुलांसाठी एकलव्य निवासी शाळा आहेत. पण यांतल्या प्रत्येक दाराशी तीच अडचण उभी आहे : माहिती, फॉर्म, तारीख.

आणि यातला फॉर्मचा भाग सोडवायला दिल्लीहून काही यायला नको. नियम बदलायला वर्षं लागतील, पावरीतला पेपर कधी निघेल ठाऊक नाही. पण पाचवीच्या वर्गातल्या प्रत्येक पात्र मुलाचा अर्ज शाळेनेच भरायचा, असं एखाद्या केंद्रप्रमुखाने ठरवलं तर त्याला कुणाची परवानगी लागत नाही. फोटो गुरुजींच्याच मोबाइलवर निघतात, पालकसभेच्या दिवशी सह्या होतात, फाईल लहान करणारं ॲप फुकट मिळतं. ऊसतोडीला जाणारं घर कोणतं हे शाळेला जुलैतच माहीत असतं, तेव्हा डिसेंबरात ते पोर आजीकडे राहील की वसतिगृहात, हे बोलणंही त्याच सभेत होऊ शकतं. पाचवीचा पट बारा-पंधराचा असेल तिथे अर्जांचं एका दुपारचं काम, आणि मुख्याध्यापकांचा शिक्का तर टेबलाच्या खणातच असतो.